एकाच वेळी म्हणजे नेमकं केव्हा?

वर्गात सहज करता येईल अशा एका प्रयोगापासून सुरुवात करू. मुलांना डोळे मिटून बसायला सांगा. 'टेबलावर पट्टी आपटल्याचा आवाज आला की लगेच टाळी वाजवायची', एवढीच सूचना द्या. मग थोडा वेळ थांबून, कोणाला अंदाज येणार नाही अशा बेतानं एकदाच पट्टी आपटा. टाळ्या पडतील, पण विस्कळीत. पत्र्यावर गारा पडाव्यात तशा. आता तीच पट्टी एकसारख्या लयीत आपटत राहा आणि मुलांना तिच्याबरोबर टाळ्या वाजवायला सांगा. पाच-सहा ठोक्यांतच साऱ्या वर्गाची टाळी जवळजवळ एक होईल.

कान तेच, हात तेच, पट्टीही तीच. मग बदललं काय? पहिल्या वेळी मुलं आवाज ऐकत होती आणि मग हात हलवत होती. आवाज ऐकल्यावर बोटानं नुसतं बटण दाबायचं म्हटलं तरी माणसाला साधारण सेकंदाचा सहावा-सातवा भाग लागतो. दुसऱ्या वेळी हा उशीर गेला कुठे? मैफलीत गायक आणि तबलजी एकाच क्षणी समेवर येतात, भजनात पन्नास जणांचे टाळ एकदम वाजतात, तेव्हाही प्रश्न हाच असतो. याचं उत्तर शोधण्याचा इतिहास सुमारे चारशे वर्षांचा आहे. त्यात संगीतकार आहेत, तसेच घड्याळं बनवणारे, आकाशाकडे बघणारे आणि मेंदूचा अभ्यास करणारेही आहेत. ती हकीकत आपण क्रमानं पाहू.

लयीचंच घड्याळ

गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो हे ल्यूट या तंतुवाद्याचे नामवंत वादक होते. गॅलिलिओलाही ल्यूट उत्तम वाजवता येत असे. १६०४ च्या सुमारास तो उतरत्या फळीवरून गोळी सोडून तिची गती तपासत होता. अडचण अशी की सेकंदाचे भाग मोजणारं घड्याळ तेव्हा कोणाकडेच नव्हतं. भांड्यातून बारीक धारेनं पडणारं पाणी साठवून, त्याचं वजन करून आपण वेळ मोजली, असं त्यानं १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिलं आहे. पण त्याच्या जुन्या हस्तलिखित नोंदींतले आकडे त्याहून अचूक निघाले.

टोरांटोचे विज्ञान-इतिहासकार स्टिलमन ड्रेक यांनी १९७५ साली यावर एक तर्क मांडला. ल्यूटला तातीचे पडदे बांधलेले असतात आणि ते सरकवता येतात. गॅलिलिओनं तसेच पडदे फळीवर आडवे बांधले असावेत. गोळी पडद्यावरून गेली की 'टक्' असा आवाज होणार. मग एखादी चाल ठाम लयीत गुणगुणायची आणि प्रत्येक 'टक्' बरोबर मात्रेवर येईपर्यंत पडदे पुढेमागे सरकवायचे. शेवटी पडद्यांमधली अंतरं पट्टीनं मोजायची. ती १, ३, ५, ७ या प्रमाणात येतात. ड्रेक यांनी हा प्रयोग स्वतः करून पाहिला आणि तो जमला. गॅलिलिओनं नेमकं असंच केलं होतं का, हे सिद्ध करता येत नाही. पण एक गोष्ट पक्की झाली: माणसाच्या अंगातली लय हे बऱ्यापैकी अचूक घड्याळ आहे.

दोन घड्याळांची जुळणी

पुढची गोष्ट १६६५ च्या फेब्रुवारीतली, हॉलंडमधल्या हेग शहरातली. लंबकाचं घड्याळ ज्यानं तयार केलं तो क्रिस्टियान हायगेन्स आजारपणामुळे खोलीत पडून होता. समुद्रावर रेखांश काढण्यासाठी बनवलेली दोन घड्याळं समोर शेजारी शेजारी टांगलेली होती. बघता बघता त्याच्या लक्षात आलं की दोन्ही लंबक अगदी एका लयीत हलताहेत. एक डावीकडे जातो तेव्हा दुसरा उजवीकडे. त्यानं मुद्दाम एकाची लय बिघडवली. अर्ध्या तासाच्या आत दोन्ही पुन्हा जुळले! घड्याळं एकमेकांपासून दूर नेल्यावर मात्र त्यांच्यात दिवसाला पाच सेकंदांचा फरक पडू लागला.

आधी त्याला हवेचा संशय आला. मग उलगडा झाला की दोन्ही घड्याळं एकाच तुळईला टांगलेली होती. प्रत्येक लंबक तुळईला अगदी सूक्ष्म हेलकावा देत होता आणि तो हेलकावा दुसऱ्यापर्यंत पोहोचत होता. स्वतःची लय असलेल्या दोन वस्तू आणि त्यांना जोडणारा एक दुवा, एवढ्यावर जुळणी होऊ शकते, हे या निरीक्षणानं दाखवलं. ही तुळई लक्षात ठेवा, आपल्याला तिची पुढे गरज लागणार आहे.

पण माणूस म्हणजे लंबक नव्हे. माणसात नेमकं काय होतं, याचा धागा मिळायला एका तरुणाची नोकरी जावी लागली.

आठ दशांश सेकंद

लंडनजवळच्या ग्रीनिच वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन प्रमुख होते आणि डेव्हिड किनब्रुक त्यांचा मदतनीस. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात एक बारीक तार असे. तारा त्या तारेवरून केव्हा सरकला, ही वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत नोंदवायची, हे त्यांचं रोजचं काम. पद्धत अशी: घड्याळाकडे एकदा बघून सेकंद लक्षात घ्यायचा, डोळा दुर्बिणीला लावायचा आणि मनात ठोके मोजत राहायचं. तारेच्या अलीकडे असताना एक ठोका ऐकू येतो, पलीकडे गेल्यावर पुढचा. त्या दोन ठोक्यांच्या मध्ये तारा नेमका कुठे होता, याचा अंदाज करायचा. कान लयीवर आणि डोळा घटनेवर ठेवून दोन्हींचा मेळ घालायचा. साथीदार गायकाकडे बघत ठेका धरतो, तेव्हा तोही असंच काहीसं करत असतो.

१७९५ च्या ऑगस्टपासून किनब्रुकच्या वेळा मॅस्केलिन यांच्यापेक्षा अर्ध्या सेकंदानं उशिरा येऊ लागल्या. त्याला समज दिली गेली. पण जानेवारी १७९६ पर्यंत फरक वाढून ०.८ सेकंद झाला. आठ दशांश सेकंदात विषुववृत्तावरचा बिंदू सुमारे ३७० मीटर सरकतो. नौकानयनासाठी तक्ते करणाऱ्या वेधशाळेला हे परवडणारं नव्हतं. किनब्रुकची काम करण्याची पद्धत सदोष आहे, असं ठरवून मॅस्केलिननी त्याला काढून टाकलं आणि तशी नोंद वेधशाळेच्या कागदपत्रांत छापली.

ती नोंद वीसेक वर्षांनी क्योनिग्सबर्गच्या फ्रीडरिख बेसेल यांच्या नजरेला आली. बेसेल हे अचूकतेबद्दल ख्याती असलेले खगोलशास्त्रज्ञ. त्यांना शंका आली: किनब्रुक निष्काळजी होता, की दोन माणसांत असा फरक असतोच? १८२० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी इतर निष्णात निरीक्षकांबरोबर आपल्या नोंदी ताडून पाहिल्या. फरक निघाला, आणि तो एका सेकंदाहूनही जास्त! दोघंही तज्ज्ञ, दोघंही काळजीपूर्वक काम करणारे. खगोलशास्त्रज्ञांनी या फरकाला 'वैयक्तिक समीकरण' असं नाव दिलं आणि प्रत्येक निरीक्षकाचा फरक मोजून तो हिशेबात धरायला सुरुवात केली. 'एकाच वेळी' घडलेल्या दोन गोष्टी सगळ्यांना एकाच वेळी घडल्यासारख्या वाटत नाहीत, हे पहिल्यांदा आकड्यांत दिसलं.

त्याच क्योनिग्सबर्ग शहरात १८५० साली हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या चेतातंतूवर प्रयोग केले. तंतूला एकदा स्नायूच्या जवळ आणि एकदा दूर विजेचा झटका द्यायचा आणि स्नायू आखडायला किती वेळ लागतो, हे मोजायचं. संदेशाचा वेग सेकंदाला सुमारे २५ ते ३० मीटर निघाला. हा वेग कधी मोजता येईल असं त्यांच्या गुरूंना, योहानेस म्युलर यांना, वाटत नव्हतं. तो ध्वनीच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. माणसाच्या हाताकडे जाणारे तंतू याहून वेगवान असतात. तरीही मेंदूतून निघालेली आज्ञा बोटांच्या स्नायूंपर्यंत पोहोचायला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो. ऐकणं, ओळखणं, ठरवणं यांचा वेळ वेगळाच.

इथे आपलं कोडं आणखी अवघड होतं. द्रुत लयीत तबल्यावर सेकंदाला दहा आघात पडत असले, तर दोन आघातांमध्ये जेमतेम एक दशांश सेकंद असतो. वादक ऐकून मग वाजवत असेल, तर तो दर वेळी एकाहून जास्त आघात मागे पडेल. तसं होत नाही, म्हणजे तो ऐकून वाजवत नाही!

ठोक्याच्या आधी बोट

१८८६ साली एल. टी. स्टीव्हन्स यांनी एक सोपी पद्धत काढली. माणसानं आधी मेट्रोनोमच्या ठोक्यांबरोबर बोट आपटायचं. मग मेट्रोनोम बंद करायचा आणि त्यानं तीच लय तशीच चालू ठेवायची. आजही प्रयोगशाळांत हीच पद्धत वापरतात. ठोके बंद झाल्यावरही लोक लय धरून ठेवू शकतात, मात्र प्रत्येक अंतर थोडं कमीजास्त होत राहतं, असं त्यांना आढळलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणखी नवलाची गोष्ट पुढे आली. अमेरिकेतल्या नाइट डनलॅप यांनी १९१० साली आपल्या निबंधात दाखवलं की ठोक्याबरोबर बोट आपटणाऱ्यांचं बोट बहुधा ठोक्याच्या आधी पडतं. अंतर अगदी थोडं, सेकंदाचे काही शतांश. पण दिशा ठरलेली. संगीताचा सराव असलेल्यांत हे अंतर कमी असतं. गंमत म्हणजे त्या माणसाला आपण अगदी बरोबर ठोक्यावर आहोत असंच वाटत असतं. बोटाऐवजी पायानं ठोका दिला, तर तो आणखी आधी पडतो. याचं एक स्पष्टीकरण असं: पाऊल मेंदूपासून अधिक दूर असल्यानं जमिनीला पाय टेकल्याची बातमी मेंदूला उशिरा मिळते. आवाजाची बातमी आणि स्पर्शाची बातमी मेंदूत एकाच वेळी पोहोचवायची, तर पाय आधी टेकायला हवा. सगळा फरक एवढ्यानं समजत नाही. पण एक निष्कर्ष टाळता येत नाही: मेंदू पुढच्या ठोक्याची वाट बघत बसत नाही. तो केव्हा येणार याचं भाकीत करतो आणि आज्ञा आधीच पाठवून देतो.

भाकिताला मर्यादाही आहेत. दोन ठोक्यांमध्ये साधारण दोन सेकंदांहून जास्त अंतर गेलं, की भाकीत जमेनासं होतं आणि माणूस पुन्हा ठोका ऐकून बोट आपटू लागतो. आपल्या ख्यालगायनात अतिविलंबित लयीत एकेक मात्रा तीन-चार सेकंदांचीही असते. मग गायक सम कशी गाठतो? तबलजी मात्रेच्या पोटात बोल भरून तिचे लहान तुकडे करून देतो, आणि गायकही मनात ते तुकडे मोजत असतो. मेंदूची मर्यादा कोणी प्रयोगशाळेत मोजण्याआधीच कलाकारांनी तिच्यावरचा उपाय शोधला होता.

१९५१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात कार्ल लॅशली यांनी हाच मुद्दा दुसऱ्या बाजूनं मांडला. वेगवान वादनात वादकाची बोटं सेकंदाला सोळा वेळाही पडू शकतात. एका बोटाच्या हालचालीची बातमी मेंदूपर्यंत जाऊन पुढच्या बोटाला आज्ञा मिळेल, एवढा वेळच तिथे नसतो. तेव्हा संपूर्ण मालिकेची आखणी मेंदूत आधीच तयार असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पुढे १९७३ साली अ‍ॅलन विंग आणि अ‍ॅल्फ्रेड क्रिस्टोफरसन यांनी बोट आपटण्यातल्या चुकांचाच अभ्यास केला. त्यांना दिसलं की एक अंतर लांबलं, की त्याच्या पुढचं बहुधा आखूड होतं. कारण साधं आहे. मेंदूतलं घड्याळ आज्ञा वेळेवर देतं, पण हात एखाद्या वेळी किंचित उशीर करतो. मग आधीचं अंतर वाढतं आणि पुढची आज्ञा ठरल्या वेळीच आल्यानं पुढचं अंतर घटतं. घड्याळ आणि हात, दोघांच्या चुका वेगळ्या ओळखता येतात. किनब्रुकच्या काळात सगळ्याला एकच 'चूक' म्हणत. आता तिचे भाग पाडता येऊ लागले.

दोघं जुळतात कशी?

आतापर्यंत आपण एकट्या माणसाबद्दल बोललो. समजा, दोन उत्तम वादक आहेत आणि त्यांच्या लयीत फक्त शेकडा एक एवढा फरक आहे. ते एकमेकांना न ऐकता वाजवत राहिले, तर पन्नास मात्रांनंतर त्यांच्यात अर्ध्या मात्रेचं अंतर पडेल. म्हणजे नुसतं चांगलं घड्याळ पुरत नाही. हायगेन्सच्या तुळईसारखा दुवा लागतो. माणसांत तो दुवा म्हणजे कान आणि डोळे.

नेदरलँड्सच्या रुडॉल्फ रॅश यांनी १९७९ साली तीन-तीन वादकांच्या गटांची वादनं ध्वनिमुद्रित करून, एकत्र वाजायला हवेत ते स्वर खरोखर केव्हा सुरू झाले, हे मोजलं. श्रोत्यांना एकसंध वाटणाऱ्या त्या वादनात वादकांमधला फरक सर्वसाधारणपणे सेकंदाचे ३० ते ५० हजारांश एवढा होता. म्हणजे 'अगदी एकाच वेळी' असं काटेकोरपणे कोणी वाजवतच नव्हतं. दर स्वराला थोडी चूक होत होती आणि पुढच्या स्वराला ती सुधारली जात होती.

ही सुधारणा आपल्या नकळतही होते. अमेरिकेत ब्रूनो रेप यांनी २००० च्या सुमारास ठोक्यांच्या मालिकेत एखादा ठोका इतका थोडा पुढेमागे केला, की ऐकणाऱ्याला ते कळूच नये. कळलं नाहीच, पण बोटानं मात्र पुढच्याच ठोक्याला आपली वेळ बदलली! २०१४ मध्ये विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन नामांकित चौकडींना हायडनची एक रचना वाजवायला सांगून कोण कोणाशी किती जुळवून घेतं, याचं गणित मांडलं. एका चौकडीत इतर तिघं पहिल्या व्हायोलिनशी जास्त जुळवून घेत होते आणि ती स्वतः कमी बदलत होती. दुसऱ्या चौकडीत चौघंही एकमेकांना सारखेच सांभाळून घेत होते. जुळणी दोन्हीकडे झाली, पण वळण वेगळं.

दुवा उशीर करू लागला तर काय होतं, हे २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी अनुभवलं. फोनवर किंवा संगणकावर दोघांनी मिळून गायचा प्रयत्न केला, की लय हळूहळू बसत जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ख्रिस चेफ यांच्या गटानं हे आधीच मोजलं होतं. त्यांनी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, आवाज थोडा थोडा उशिरा पोहोचवून, टाळ्या वाजवायला लावल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, सेकंदाच्या १० ते २१ हजारांश एवढ्या उशिरात जोडी सर्वांत चांगली जुळली. त्याहून जास्त उशीर झाला की लय मंदावली, कारण प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबू लागला. त्याहून कमी उशिरात लय उलट चढत गेली. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १० हजारांश सेकंदात तो ३.४ मीटर जाईल. साध्या बैठकीत समोरासमोर बसणाऱ्यांमधलं अंतर तेवढंच असतं! लांबलचक दिंडीत मात्र ३४ मीटर मागच्या माणसाला पुढच्याचा टाळ एक दशांश सेकंदानं उशिरा ऐकू येणार. तिथे आवाजापेक्षा शेजाऱ्याच्या पावलांचा आणि हातांचा आधार जास्त उपयोगी. मुलांना हे गणित जरूर घालावं.

मेंदूत डोकावल्यावर

मेंदूतल्या विद्युतलहरी कवटीवरून टिपता येतात, हे हान्स बर्गर यांनी १९२९ साली जाहीर केलं. पुढे चुंबकीय चित्रणाचं तंत्र आलं आणि काम करणाऱ्या मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे, हे दिसू लागलं. केंब्रिजमध्ये जेसिका ग्रॅन आणि मॅथ्यू ब्रेट यांनी २००७ साली, अजिबात न हलता पडून राहून ताल ऐकणाऱ्यांचे मेंदू तपासले. ठोका स्पष्ट जाणवणारा ताल सुरू झाला की हालचालींची आखणी करणारे भाग जागे होत होते. त्यांत मेंदूच्या खोल गाभ्यातले 'बेसल गँग्लिया' हे चेतापेशींचे पुंजकेही होते. ताल ऐकताना आपला पाय आपोआप हलू लागतो, त्याचं मूळ इथे दिसतं. ऐकणाऱ्या मेंदूत वाजवण्याची तयारी चाललेली असते.

भाकीत करण्याची ही सवय किती लवकर सुरू होते? २००९ साली हंगेरी आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा एक ठेका ऐकवला. मधूनच त्यातला मुख्य ठोका गाळला. बाळांच्या मेंदूलहरींत 'काहीतरी चुकलं' असं दर्शवणारा बदल दिसला. दुसरा एखादा किरकोळ ठोका गाळल्यावर तसं झालं नाही.

ज्यांच्यात बेसल गँग्लियाचं काम बिघडतं, अशांना याचा उपयोगही होतो. पार्किन्सनच्या आजारात या भागांना डोपामाइन पुरवणाऱ्या पेशी मरत जातात; माणसाची पावलं आखूड होतात, अडखळतात. अमेरिकेत मायकेल थॉट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली अशा रुग्णांना तीन आठवडे ठोक्यांच्या लयीवर चालण्याचा सराव दिला. त्यांच्या चालण्याचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला. आजार यानं बरा होत नाही. पण आतलं घड्याळ मंदावलं असताना बाहेरची लय त्याला हात देऊ शकते, हे त्यातून दिसलं आणि असा सराव आज उपचारांचा एक भाग म्हणून वापरला जातो.

मग दोन वादकांचे मेंदूही लंबकांसारखे जुळतात का? बर्लिनमध्ये उलमान लिंडेनबर्गर यांच्या गटानं २००९ साली एकत्र वाजवणाऱ्या गिटारवादकांच्या मेंदूलहरी एकाच वेळी टिपल्या. वादन सुरू होताना आणि चालू असताना दोघांच्या काही लहरी जुळलेल्या दिसल्या. यावरून 'मेंदू मेंदूशी बोलतो' अशा बातम्या होऊ शकतात. इथे मुलांना थोडं थांबायला शिकवायला हवं. दोघं एकच सूर ऐकत आहेत आणि सारखीच हालचाल करत आहेत. दोन वेगळ्या घरांत एकच रेडिओ कार्यक्रम ऐकणाऱ्यांच्या लहरीही त्या आवाजामुळे काही प्रमाणात सारख्या दिसतील. तेव्हा विचारायचा प्रश्न हायगेन्सचाच: यांच्यामधली तुळई कोणती? आवाज, हालचाल, की याहून वेगळं काही? याबद्दल संशोधकांत अजून एकमत झालेलं नाही.

तुळई मात्र आपण समजतो त्याहून सर्वत्र असते. तंबोऱ्याला ताल नसतो. त्यानं फक्त स्वराचा आधार द्यायचा. इंग्लंडमधले संगीत-अभ्यासक मार्टिन क्लेटन यांनी हिंदुस्तानी मैफलींच्या चित्रफिती बारकाईनं तपासून २००७ साली दाखवलं, की एकमेकांशी जुळवून घेण्याचं काही कारण नसतानाही तंबोरे छेडणाऱ्यांचे हात एकमेकांच्या लयीत ओढले जातात.

'बेताल' कोणाला म्हणायचं?

शिक्षकांच्या दृष्टीनं या इतिहासात एक गोष्ट फार मोलाची आहे, असं आम्हाला वाटतं. लेझीमच्या सरावात किंवा समूहगीतात एखादं मूल दर वेळी मागे पडतं. आपण पटकन म्हणतो, 'लक्ष कुठे आहे तुझं?' मॅस्केलिननीही हेच गृहीत धरलं होतं. पण लय चुकण्याची कारणं अनेक असू शकतात. ठोका कुठे आहे हे त्या मुलाला सापडत नसेल, घड्याळ ठीक पण हात मागे राहत असेल, किंवा रांगेच्या टोकाला त्याला आवाजच उशिरा पोहोचत असेल. २०११ साली कॅनडातल्या संशोधकांनी एका तरुणाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला मेट्रोनोमबरोबर लय साधता येत होती, पण गाण्यातला ठोका काही सापडत नव्हता. असे लोक विरळा. बहुतेकांना सरावानं फरक पडतो.

म्हणून पुढच्या सरावाच्या वेळी कारण शोधून पाहावं. त्या मुलाला फक्त पट्टीच्या ठोक्याबरोबर टाळी वाजवायला सांगा. मग ठोका थांबवून एकट्यानं चालू ठेवायला सांगा. मग ठाम लयीच्या मुलाशेजारी उभं करा. लय फार संथ ठेवू नका. लहान मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते आणि संथ लयीत ती जास्त चुकतात. तीनपैकी कुठे ते मूल अडतं हे पाच मिनिटांत कळेल. ग्रीनिचमध्ये अशी पाच मिनिटं कोणी काढली नाहीत, आणि जे कोडं १७९६ मध्येच हाती लागलं असतं ते पंचवीस वर्षं वेधशाळेच्या कागदपत्रांत पडून राहिलं.